दशावतार मंजूर झाला, मग आम्ही तो ऐकला

कार्यक्रमाच्या अर्जावर मुलांनी स्वच्छ मराठीत लिहिले होते : "दशावतार. पाच कलाकार. बारा मिनिटे."

आमच्या सांस्कृतिक समितीत कुडाळ-सावंतवाडीकडची मंडळी जास्त. अर्ज वाचून सगळ्यांना भरून आले. कुवेतमध्ये वाढलेली, घरात अर्धे इंग्रजी बोलणारी आपली मुले आपण होऊन दशावतार करतात म्हणजे काय! काहीही चर्चा न होता अर्ज मंजूर झाला. जेवणाच्या आधीची, म्हणजे सगळे प्रेक्षक जागेवर असतात ती वेळ देण्यात आली. एका काकांनी तर संकासुराची टोपी गावाहून मागवून देण्याचे कबूल केले आणि त्याच रात्री भावाला फोनही लावला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघे-तिघे साल्मियाला तालीम पाहायला गेलो. लिफ्टमध्येच पायाखाली काहीतरी थरथरते आहे असे वाटले. दार वहिनींनी उघडले. कानात कापसाचे बोळे, हातात लाडवांची थाळी. आतल्या खोलीत दोन गिटार, एक बेस, एक ड्रमसेट आणि मधे माईक धरून अकरावीतला एक काडीसारखा मुलगा. त्याने आम्हाला पाहून अगदी हळू आवाजात "काका, पाणी आणू का?" असे विचारले. पाणी आणले, पेले खाली ठेवले, माईकपाशी परत गेला आणि मग त्या देहातून जो आवाज निघाला तो आम्ही जन्मात कधी ऐकला नव्हता. पाच मिनिटांनी खालून हारिस आला. मुलांना त्याची सवय असावी, कारण तो बेल वाजवायच्या आतच त्यांनी वाद्ये थांबवली.

हा दशावतार मुंबईच्या 'डिमॉनिक रिझरेक्शन' नावाच्या बँडचा आहे, हे तेव्हा कळले. 'दशावतार' याच नावाचा त्यांचा अल्बम २०१७ मध्ये निघाला. त्यातली मत्स्य आणि नरसिंह ही दोन गाणी मुलांनी बसवली होती.

पुढच्या बैठकीत काय झाले ते सभासदांना ठाऊक आहेच, त्यामुळे उगाळत नाही. काहींचे म्हणणे, देवाच्या नावावर असले ओरडणे नको. काहींचे म्हणणे, मंजूर केलेली गोष्ट मागे घेणे बरे नव्हे. हे सर्व चालू असताना त्या गाणाऱ्या मुलाचे वडील कोपऱ्यात गप्प बसून होते. शेवटी ते म्हणाले, "कार्यक्रमाचे तुम्ही ठरवा. हा मला म्हणतो, पुढे हेच करायचे आहे. यात पुढे काय आहे तेवढे मला कोणीतरी सांगा."

ते सांगण्याचे काम अंकाच्या संपादकांवर, म्हणजे आमच्यावर आले. गेले दोन महिने आम्ही ऐकले, वाचले, आमच्या घरातल्या मुलांना विचारून त्यांना हैराण केले. जे हाती आले ते इथे देत आहोत.

आधी नाव. या संगीताला डेथ मेटल म्हणतात, आणि नावाने दचकायला होते हे खरेच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत त्याची सुरुवात झाली. फ्लोरिडातल्या 'डेथ' या बँडचा पहिला अल्बम १९८७ चा. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल, म्हणून खर्ज खोल. ड्रमवाल्याच्या दोन्ही पायांखाली पेडल, आणि वेग असा की आपल्या ढोलताशा पथकातल्या ताशेवाल्यानेही मान डोलवावी. गायक शब्द म्हणत नाही, गुरगुरतो. हा आवाज नुसता घसा फाडून काढायचा नसतो. मूळ स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते, ती कंपित करून आणि पोटातून श्वास देऊन तो काढतात. चुकीच्या रीतीने काढला तर आवाज बसतो आणि घशाला इजाही होते. अकरावीतल्या त्या मुलाने हे आम्हाला वहीत आकृती काढून समजावले. जीवशास्त्राची वही होती, हे विशेष.

अमेरिकेनंतर हे संगीत फोफावले ते स्वीडनमध्ये. स्टॉकहोमची शाळकरी वयाची मुले 'निहिलिस्ट' नावाने वाजवत, तीच १९८९ पासून 'एन्टूम्ड' झाली. सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्ग या ध्वनिमुद्रकाबरोबर त्यांनी केलेला पहिला अल्बम १९९० साली निघाला. गिटारला जोडायचा बॉस कंपनीचा एचएम-२ नावाचा एक साधा पेडल होता. त्याची सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवली की करवतीसारखा आवाज येतो. तो करवती आवाज म्हणजे स्वीडनची ओळख होऊन बसला. याच बँडने २००२ मध्ये स्टॉकहोमच्या शाही ऑपेरात तिथल्या बॅले नर्तकांबरोबर कार्यक्रम केला. म्हणजे आपल्याकडे पेटारे घेऊन बसलेल्या पोरांना एक दिवस एनसीपीएमध्ये मानाने बोलवावे तसे. पुढे बँडच्या नावावरून जुन्या मित्रांत भांडण झाले, आणि गायक लार्स-योरान पेत्रोव्ह २०२१ मध्ये कर्करोगाने गेले, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी.

आम्हाला त्या आवाजापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटले. स्वीडनमध्ये नगरपालिकेच्या संगीत शाळा असतात आणि तिथे कोणाच्याही मुलाला थोडक्या पैशांत वाद्य शिकता येते. शिवाय प्रौढशिक्षणासाठी निघालेल्या जुन्या अभ्याससंस्था आहेत. चार मुलांनी मिळून 'आमचे अभ्यासमंडळ' अशी नोंद केली की तालमीला खोली मिळते, थोडे अनुदानही मिळते. ती मुले खोलीत काय वाजवतात याच्याशी कोणाला देणेघेणे नसते. भयानक नावांचे यातले कितीतरी बँड अशा सरकारी मदतीच्या खोल्यांत मोठे झाले. तिथे कोणी हारिस येऊन बेल वाजवत नव्हता.

आता मुंबई. आमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात मुंबई सोडून इकडे आले त्यांना धोबी तलावचे रंगभवन आठवत असेल. १९८६ पासून तिथे फरहाद वाडिया यांचा 'इंडिपेंडन्स रॉक' होत असे. बाहेर रस्त्यावर काळ्या बनियनवाल्या पोरांची रांग, आत उघड्यावर गाणे. आपण त्या रांगेकडे पाहत मेट्रोवरून बस पकडायचो आणि 'वाया गेलेली पोरे' म्हणून पुढे जायचो. कॅसेट घ्यायची तर काळा घोड्याचे 'रिदम हाऊस' (ते २०१६ मध्ये बंद झाले) किंवा फोर्टचा फुटपाथ. बातम्या वाचायच्या तर अलाहाबादहून १९९३ पासून निघणारे 'रॉक स्ट्रीट जर्नल'. मुंबईच्या मुलांना आपल्या संगीताची खबर अलाहाबादहून यावी, ही गंमतच. आणि मोठा टेपरेकॉर्डर कोणाच्या घरी? ज्यांचे काका-मामा गल्फमध्ये, त्यांच्या. तेव्हा या पापात आपलाही थोडा वाटा आहे.

पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज आणि जवळच रुग्णालये, त्यामुळे २००३ च्या सुमारास तिथला लाऊडस्पीकर बंद झाला. नियम चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही, रुग्णाला झोप हवीच. पण शहरातली अशा गाण्याची एकमेव मोठी स्वस्त जागा गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी कोणी दिली नाही. उरले जुहूच्या हॉटेलातले 'रॅझबेरी ऱ्हायनोसेरस' यासारखे चार-दोन क्लब आणि कॉलेजांचे महोत्सव.

अशा काळात, २००० साली, साहिल मखिजा या कॉलेजवयाच्या मुलाने 'डिमॉनिक रिझरेक्शन' सुरू केले. स्वतःला त्याने 'डीमनस्टीलर' असे नाव घेतले. त्याच वर्षी याच नावाचा पहिला अल्बमही निघाला. त्या वेळी मुंबईत बँडकडून लोकांची अपेक्षा असायची ती परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्याची. म्हणजे आपल्या वाद्यवृंदात 'अगदी रफीसारखा' म्हटले की टाळ्या पडतात, तसेच. स्वतः बांधलेली गाणी, तीही गुरगुरत आणि जोडीला सिंथेसायझरचे मोठे मोठे सूर, हे ऐकायला लोक कुठून येणार?

आम्ही जे वाचले त्यातून साहिल यांची एक गोष्ट मनात बसली. जे मिळाले नाही ते त्यांनी स्वतः उभे केले. अल्बम काढायला कंपनी मिळेना, तर 'डीमनस्टीलर रेकॉर्ड्स' ही आपलीच कंपनी काढली. तीतून स्वतःचे आणि दुसऱ्या भारतीय बँडचेही अल्बम काढले. कार्यक्रमाला कोणी बोलवेना, तर 'रिझरेक्शन' नावाने स्वतःच मुंबईत कार्यक्रम भरवले आणि त्यात इतर बँडना बोलावले. आपल्या मंडळात गणपतीच्या वेळी हॉल ठरवणे, माईकवाल्याला गाठणे, तिकिटे खपवणे, शेवटी खिशातले पैसे घालणे ज्यांनी केले आहे त्यांना या वाक्यामागचा घाम कळेल.

२००५ मध्ये 'अ डार्कनेस डिसेंड्स' आला, २००७ मध्ये 'बियाँड द डार्कनेस' हा छोटा संच, २०१० मध्ये 'द रिटर्न टु डार्कनेस'. ही तिन्ही मिळून अंधाराची एक त्रिधारा. राक्षसांच्या, युद्धांच्या कल्पित कथा. आपल्या लहानपणी वीरधवल आणि मायावी नगऱ्यांच्या पुस्तकांत जे असायचे त्याच जातीचे म्हणा ना. तिसरा अल्बम इंग्लंडच्या 'कँडललाइट' कंपनीने भारताबाहेर विक्रीला घेतला. दहा वर्षांनी पहिल्यांदा दुसऱ्या कोणीतरी हात दिला.

त्याच वर्षी लंडनमध्ये 'मेटल हॅमर' मासिकाच्या 'गोल्डन गॉड्स' पुरस्कारांत त्यांना 'ग्लोबल मेटल' पुरस्कार मिळाला. युरोपातले महोत्सवही झाले : नॉर्वेचा इन्फर्नो, चेक प्रजासत्ताकातला ब्रूटल असॉल्ट, जर्मनीतला वाकेन. वाकेन हे उत्तर जर्मनीतले एक लहानसे खेडे. १९९० पासून उन्हाळ्यात तिथल्या शेतांत महोत्सव भरतो. आता तिथे सत्तर-ऐंशी हजार माणसे जमतात आणि पाऊस पडला की सगळे चिखलात उभे राहून ऐकतात. आम्हाला वारीचा तळ आठवला. वारकऱ्यांनी राग मानू नये.

बँडमधली माणसे मात्र बदलत राहिली. हुसेन बंदूकवाला, डॅनियल रेगो, वीरेंद्र कैथ, पुढे निशिथ हेगडे, अश्विन श्रीयन. ही आडनावे एका ओळीत लिहिताना मुंबईच्या एखाद्या चाळीतली पत्र्याची टपालपेटी समोर येते. मुंबईत असा बँड चालवायचा म्हणजे दिवसा नोकरी, रात्री तालीम, सुट्ट्या साठवून दौरा. कोणाला बढती मिळते, कोणाचे लग्न ठरते, कोणी परगावी जातो. सुरुवातीपासून आजपर्यंत टिकलेले एकटे साहिलच.

आणि पैसा? वडिलांनी विचारलेला खरा प्रश्न तो होता. आम्ही उत्तर गुळगुळीत करून देणार नाही. या संगीतावर त्यांचे घर चालले नाही. पुरस्कार मिळाला, परदेशात टाळ्या मिळाल्या, पण या जातीच्या बँडला विमानाची तिकिटे आणि वाद्यांचे जादा वजन भरून हातात फारसे उरत नाही. एवढेसे कौतुक मिळवायला घरचेच पैसे घालावे लागतात.

पोट भरले ते स्वयंपाकाने! 'हेडबँगर्स किचन' नावाचा एक कार्यक्रम साहिल यांनी यूट्यूबवर सुरू केला. सुरुवातीला त्यात बँडच्या मंडळींना बोलवायचे, त्यांच्याशी गप्पा मारायच्या आणि मांसाहारी काहीतरी रांधायचे, असा थाट होता. पुढे त्यांनी स्वतः कीटो आहार धरला (भात, पोळी, साखर बंद, तूप, चीज, अंडी, मांस चालू) आणि कार्यक्रमही त्याच वळणावर नेला. तो जगभर पाहिला जाऊ लागला आणि तोच त्यांचा मुख्य व्यवसाय झाला. आमच्या फहाहीलच्या एक वहिनी गेली कित्येक वर्षे त्यांच्या पाककृती पाहून फुलकोबीचा भात करतात. हाच माणूस रात्री गुरगुरतो हे आम्ही सांगेपर्यंत त्यांना माहीत नव्हते. त्यांनी दोन मिनिटे गाणे ऐकले आणि म्हणाल्या, "पण बोलतो किती गोड हो तो!"

'द डीमन किंग' २०१४ मध्ये आणि मग २०१७ मध्ये 'दशावतार'. दहा अवतारांवर दहा गाणी : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. शब्द इंग्रजीत. इतकी वर्षे राक्षसांच्या बाजूने गोष्ट सांगणारा बँड एकदम देवांकडे वळला असे वरवर वाटते. पण ऐकून पाहिले तर तसे वाटत नाही. नरसिंहाची गोष्ट शांत, गोड चालीत कशी सांगणार? खांब फुटतो, अर्धा सिंह बाहेर येतो, उंबरठ्यावर बसून नखांनी पोट फाडतो. लहानपणी कीर्तनकार बुवा हे सांगताना खांबावर थाप मारत आणि आम्ही आजीच्या पदरात तोंड लपवत असू. त्या प्रसंगाला त्या मुलाचा आवाज आम्हाला तरी शोभला.

इथे संकासुराची आठवण काढलीच पाहिजे. कोकणातल्या दशावतारी खेळात रात्री आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो आणि मग संकासुर. अंगभर काळे कपडे, डोक्याला उंच टोकदार टोपी, चेहरा काळ्या कापडाने झाकलेला आणि त्यातून लोंबणारी लाल जीभ. वेद पळवणारा हा दैत्य, त्याला मारायला विष्णूने मासा व्हायचे. पण मारला जायच्या आधी हा दैत्य मालवणीत बोलून सगळ्या गावाला हसवून सोडतो. देवळाच्या आवारात घोंगडीवर बसून पहाटेपर्यंत आम्ही हे पाहिले. घाबरलो, हसलो, तिथेच झोपलो. त्या काळ्या कपड्यांमुळे, त्या जिभेमुळे आमच्यातला एकही जण बिघडला नाही. उलट, समितीत त्या मुलांच्या काळ्या टी-शर्टना सर्वांत जोरात हरकत घेणारे काका स्वतः तरुणपणी गावच्या जत्रेत संकासुर झालेले आहेत. हे त्यांनी बैठकीत सांगितले नव्हते. त्यांच्या पत्नीने सांगितले.

एक फरक मात्र मान्य करायला हवा. दशावतारी कंपनीतला नट रात्री राजा होतो आणि दिवसा शेतात जातो. गाव त्याला ओळखतो, जत्रेला बोलावतो, नारळ देतो. साहिल मखिजांसारख्याला असा गाव नाही. त्याचे ऐकणारे शहराशहरांत विखुरलेले, एकेका घरातल्या बंद खोलीत. त्या विखुरलेल्यांना एका हॉलमध्ये आणायचे काम त्याचे त्यालाच करावे लागले. आम्हाला वाटते, वीस-पंचवीस वर्षांतली त्याची खरी कमाई ती आहे. त्याच काळात मुंबईत इतर बँडही निघाले आणि टिकले : २००३ चे 'भयानक मौत' (नाव वाचून समितीतल्या एका वहिनींनी कागद उलटा ठेवला), २००६ चे 'झिग्नेमा', ज्यात जिमी भोरे, सिद्धार्थ कडदी अशी आपल्याकडची नावे आहेत, आणि 'गटस्लिट', ज्यांचे पगडीधारी बेसवादक युरोपच्या दौऱ्यांवर ओळखले जातात.

अलीकडे साहिल यांचे बरेच काम बँडपेक्षा एकट्याच्या 'डीमनस्टीलर' या नावाने झाले आहे. २०२३ च्या 'द प्रोपगंडा मशीन' या अल्बममध्ये निरनिराळ्या देशांतल्या वादकांनी साथ केली. त्याआधीच्या एका अल्बममध्ये 'नाइल' या प्रसिद्ध अमेरिकन बँडचे ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियास यांनीही साथ केली होती. ज्यांच्या कॅसेट ऐकून मुले मोठी झाली त्या पंक्तीतला वादक मुंबईच्या माणसाला साथ करतो, हे त्या क्षेत्रात फार मोठे मानले जाते. आमच्या घरातल्या मुलाने हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. आम्ही म्हटले, म्हणजे झाकीरभाईंनी साथीला बसावे तसे? तो म्हणाला, "हो बाबा, तसेच." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमची एक उपमा त्याला पटली.

आता इथले. कुवेतमध्ये असले काही होत नाही, असे बैठकीत कोणीतरी म्हणाले. ते बरोबर नाही. २००७ मध्ये इथेच 'व्हॉइस ऑफ द सोल' नावाचा डेथ मेटल बँड सुरू झाला. करीम शेहायेब आणि मोनिश शृंगी हे त्यातले गिटारवाले. नावांवरूनच कळते की परक्या मुलखात वाढलेली, आपल्या मुलांसारखीच ही मुले. पुढे त्यांचे काम दुबईकडे सरकले आणि त्यांचा 'कॅटाकूम्ब्स' हा अल्बम २०१५ मध्ये निघाला. दुबईत 'नर्व्हसेल' आधीपासून होताच, आणि २००४ पासून काही वर्षे तिथे 'डेझर्ट रॉक' महोत्सव भरत असे. कुवेतमधून मुले तिथवर जात, हे आता काही पालकांना प्रथमच कळेल. आम्ही कोणाचे नाव घेत नाही.

पण हे बँड इथून दुबईकडे का सरकतात, यातच वडिलांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे. आपले इथले सगळे जगणे इकाम्यावर. वडिलांची नोकरी आहे तोवर घर आहे. मुलगा मोठा झाला की त्याला स्वतःची नोकरी आणि स्वतःचा इकामा लागतो, आणि त्या कागदावर 'गुरगुरणारा गायक' असा हुद्दा लिहिण्याची सोय नाही. चार मुलांचा बँड म्हणजे चार वेगवेगळ्या नोकऱ्यांवर टांगलेले चार इकामे. एका वडिलांचे कंत्राट संपले की ड्रमवाला नागपूरला. आमच्या या पाच मुलांपैकी दोघे पुढच्या जूनमध्ये शिक्षणासाठी भारतात जाणार आहेत, एक कॅनडाला. त्यांना हे पक्के माहीत आहे. आम्हाला वाटत होते की ती मुले नाटक करत आहेत. ती घाई करत होती.

हे सगळे आम्ही त्या वडिलांना त्यांच्या घरी जाऊन सांगितले. मुलगाही बसला होता. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पोटासाठी दुसरे काहीतरी हवेच."

आम्ही म्हणालो, हवेच. ज्याला या संगीतात मुंबईत सर्वांत जास्त मिळाले त्यालाही हवे होते.

"आणि हे सोडायला नको?"

त्यावर मुलगाच बोलला. "बाबा, ते सोडत नाहीत म्हणून तर स्वयंपाक करतात."

वडिलांनी त्याला अभियांत्रिकीचा अर्ज वेळेत भरायला सांगितले. मुलाने तो आधीच भरला होता, पुण्याचा. पुण्यात कार्यक्रम जास्त होतात हे कारण त्याने वडिलांना सांगितले की नाही ते आम्हाला माहीत नाही. आता अंक वाचून कळेल.

समितीचा निर्णय असा झाला. कार्यक्रम होईल, पण जेवणाआधी नाही, जेवणानंतर. लहान मुले आणि आजी-आजोबांना बाहेरच्या खोलीत बसण्याची सोय राहील. आवाजाची पातळी हॉलच्या माणसाच्या हातात राहील आणि रात्री दहाला बंद म्हणजे बंद. आधी दोन मिनिटे मत्स्यावताराची गोष्ट मराठीत सांगितली जाईल, म्हणजे काय चालले आहे ते सर्वांना कळेल. ती गोष्ट सांगायला हरकत घेणारे काका स्वतःहून उभे राहिले आहेत. टोपी कुडाळहून निघाली असून पुढच्या आठवड्यात सुट्टीवरून परतणाऱ्या एका सभासदाच्या सामानात येत आहे. ती कोण घालणार यावर काका आणि तो गाणारा मुलगा यांच्यात अजून बोलणी चालू आहेत.

ड्रमसेट साल्मियाहून हॉलवर न्यायचा आहे. मोठी गाडी असलेल्या सभासदाने समितीला कळवावे. कापूस मंडळातर्फे दिला जाईल.